बाई, खिळा कुठे ठोकू?

जानेवारी उजाडला की कलामहाविद्यालयांत वार्षिक प्रदर्शनाची धांदल सुरू होते आणि माझ्या टपालाचा सूर बदलतो. एरवी ‘कुठला कागद घेऊ’ विचारणारे ‘खिळा कुठे ठोकू’ विचारू लागतात. या वेळची बहुतेक पत्रं बोधचित्रांच्या, म्हणजे गोष्टीसाठी, कवितेसाठी, मुखपृष्ठासाठी काढलेल्या चित्रांच्या प्रदर्शनाबद्दल आहेत. निसर्गचित्र भिंतीवर लागलं की त्याचं काम झालं. बोधचित्राचं तसं नाही. ते ज्या मजकुरासाठी काढलं तो मजकूर जवळपास नसेल, तर बघणाऱ्याला ते अर्धंच कळतं. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून इथेच येतील, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : मी कराड परिसरातल्या एका कलामहाविद्यालयात उपयोजित कला शिकवतो. वर्गात २६ मुलं, प्रत्येकाची ए-थ्री आकाराची सहा बोधचित्रं तयार आहेत. हॉल ४० बाय २५ फूट, दोन दारं, सहा खिडक्या. पालक येणार म्हणून प्राचार्यांचा आग्रह आहे की सगळ्यांची सगळी चित्रं लागावीत. कशी बसवू?

सर, नाही बसणार. पण हे तोंडी सांगायला जाऊ नका, कागदावर मांडून दाखवा. चारी भिंतींची लांबी मिळून १३० फूट. दोन दारांचे ८ आणि खिडक्या चार-चार फुटी धरल्या तर त्यांचे २४ वजा करा. उरले ९८. स्विचबोर्ड, पंख्यांचे रेग्युलेटर आणि संस्थापकांची तसबीर (ती कुणी हलवू देणार नाही) यांत आणखी ८ जातात. हाती राहिले ९०. ए-थ्री कागद उभा धरला तर पावणेबारा इंच रुंद. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच माउंट (चित्राभोवती ठेवतात तो पुठ्ठा) आणि बारीक फ्रेम धरली की १८ इंच. दोन फ्रेमांमध्ये ६ इंच मोकळे सोडायचे, म्हणजे एका चित्राला दोन फूट. एका ओळीत ४५ चित्रं. तुमच्याकडे आहेत १५६.

मग दोन-तीन ओळी लावायचा मोह होतो. निसर्गचित्रांना एक वेळ चालेल. बोधचित्रात पेनाची बारीक रेघ असते, कोपऱ्यात एखादं मांजर असतं, ते सात फुटांवर टांगलं तर कुणाला दिसणार? पालक आपल्या मुलाचं नाव शोधतील, फोटो काढतील आणि चहाकडे वळतील.

मी असं करीन. भिंतीवर प्रत्येक मुलाची एक जागा हक्काची, त्या झाल्या २६. उरलेल्या १९ जागा मालिकांना द्यायच्या. ज्या मुलाने एकाच गोष्टीची तीन चित्रं काढली आहेत आणि तिन्ही लागल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, त्याला आणखी दोन. बाकीचं सगळं टेबलावर, पारदर्शक पाउचच्या फायलीत, चाळता येईल असं. शेजारी स्केचबुकं ठेवा. लोक तिथेच जास्त रेंगाळतात.

हक्काचं एक चित्र कुठलं, हे मुलाबरोबर बसून ठरवा. त्याला एवढंच विचारा, ‘या चित्राखाली गोष्टीतलं कुठलं वाक्य लिहिशील?’ वाक्य सापडत नसेल तर चित्र फायलीत. वाक्यात आहे तेवढंच चित्रात असेल, तरी जरा थांबा. समजा, गोष्टीत आहे, ‘आजी दिवसभर दारात बसून होती.’ वर्गातली दहा मुलं दारात बसलेली आजी काढतील, छान काढतील. एखादी मुलगी नुसता उंबरठा काढेल, त्यावर सुपारी कातरून पडलेला चुरा, कलंडलेला अडकित्ता आणि एकाच जागी झिजलेलं लाकूड. दिवसभर बसणं तिला कळलं. ते चित्र दारासमोरच्या भिंतीवर लावा, कारण आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथे जाते.

आणि कृपा करून हजेरीपटाच्या क्रमाने लावू नका! प्राचार्यांना तो क्रम न्याय्य वाटतो, पण त्यात काळ्या शाईचं नाजूक रेखाटन दोन भडक पोस्टर रंगांच्या मध्ये सापडून मरतं. रेघेची कामं एका भिंतीवर, रंगांची दुसऱ्या. मालिका डावीकडून उजवीकडे, मजकूर वाचतो तशी. कोपऱ्याला दोन्ही अंगांनी दीड-दीड फूट मोकळा सोडा, तिथे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला काही दिसत नाही. कोपऱ्यांच्या या जागेपायी पाच-सहा चित्रं आणखी कमी होतील, ती मालिकांच्या वाट्यातून काढा, हक्काच्या जागांना हात लावू नका.

हातोडी उचलण्याआधी रद्दीतली वर्तमानपत्रं फ्रेमच्या मापाने कापून भिंतीवर मास्किंग टेपने चिकटवा. कागद हलवायला काही लागत नाही. अख्खी भिंत मनासारखी झाली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मगच खिळे.

प्रश्न : चित्रं नक्की किती उंचीवर लावायची? दर वर्षी आमच्याकडे यावरून वाद होतो. — एक विद्यार्थिनी, सांगली

वाद होतो कारण प्रत्येक जण फ्रेमची वरची कड जुळवायला जातो. वरची कड सोडून दे, चित्राचा मध्य धर. मोठ्या माणसांसाठी तो जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवावा. दोन इंच इकडेतिकडे चालतं, पण सबंध हॉलभर एकच माप हवं.

आता खिळ्याचं गणित. फ्रेम २२ इंच उंच असेल तर तिचा अर्धा भाग ११. ५८ अधिक ११ म्हणजे वरची कड ६९ वर. फ्रेमच्या पाठीमागची तार बोटाने वर ताणून बघ, ती वरच्या कडेपासून किती खाली राहते? ३ इंच धर. ६९ वजा ३, खिळा ६६ इंचांवर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी ताणली जाते, म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर हा आकडा पेन्सिलने लिहून ठेव.

जुन्या हॉलची जमीन सरळ असते या भ्रमात राहू नका. प्रत्येक खिळा जमिनीपासून मोजलात तर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला चित्रं उतरणीला लागलेली दिसतील. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, ती मागून आणा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खूण करा आणि दोन खुणांमध्ये दोरी ताणा. लेझरचं यंत्र कुणाकडे असेल तर उत्तमच, पण नळी लाइट गेल्यावरही चालते आणि तिचे सेलही संपत नाहीत.

प्राथमिक शाळेच्या सहली येणार असतील तर गोष्टींच्या चित्रांची एक भिंत मुद्दाम खाली घ्या, मध्य ४५ इंचांच्या आसपास. मोठी माणसं वाकतील. त्यांना काही होत नाही.

प्रश्न : आम्हाला मिळालेल्या सभागृहात भिंतीला खिळा मारायला सक्त मनाई आहे. डबल टेपने चित्रं लावली तर रात्रीतून पडतात. काय करावं? — विद्यार्थी प्रतिनिधी, अंबाजोगाई

डबल टेपचं नाव काढू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप चिकटते ती रंगाला, भिंतीला नाही. चित्र पडताना रंगाचा पापुद्रा घेऊन पडतं आणि मग डिपॉझिट गेलं.

आधी छताखाली बघा. बऱ्याच सभागृहांत लाकडी पट्टी किंवा लोखंडी सळई पूर्वीच बसवलेली असते, नंतर रंगाच्या थरांखाली ती विसरली जाते. ती असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर मंडपवाल्याला गाठा. त्याच्याकडे चार बाय आठ फुटांची प्लायची पार्टिशनं असतात. ‘कापड पांढरं किंवा राखाडीच’ हे दोनदा सांगा, नाहीतर तो लग्नातली गुलाबी झालर लावून आणेल. पार्टिशनं सरळ रांगेत उभी न करता नागमोडी करा. तशी ती धक्क्याने पडत नाहीत आणि दोन्ही बाजूंना चित्रं लावता येतात.

टांगायला सुतळी नको, तंगूस घ्या. मासे पकडायचा जाड नायलॉनचा दोरा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याची साधी गाठ वजनाने हळूहळू सरकते. म्हणून टोक कडीतून काढून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, मग टोक पहिल्या वेढ्याच्या पोटातून ओवून, थुंकीने ओलं करून आवळा. ओलं केलं नाही तर घासून दोरा कमजोर होतो. एका फ्रेमला दोन तंगूस, दोन टोकांना. एकावर टांगलेली फ्रेम पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर मान हलवत राहते.

वजनाचाही विचार करा. दोन मिलिमीटरच्या काचेचं वजन चौरस मीटरला पाच किलो असतं. तुमच्या ए-थ्रीच्या फ्रेमला नुसती काचच सव्वा किलोच्या घरात जाते. ॲक्रिलिक शीट तेवढ्याच जाडीची घेतली तर निम्म्याहूनही हलकी. आणि विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला काच हवीच असं कुठे आहे? माउंट केलेलं चित्र बाइंडर क्लिपांनी तंगुसावर लावा. क्लिप माउंटला लागली पाहिजे, चित्राला नाही.

प्रश्न : माझ्या मूळ चित्रांवर पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या दिसतात, कडेला पेन्सिलची टिपणं आहेत. सर म्हणतात, माउंटने झाकून टाक. झाकू का? — तृतीय वर्ष, नाशिक

मुळीच नको. सरांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१), रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे चित्रकार मराठी घरांत पोचले ते छापील पानावरून. त्या काळी रेघेच्या चित्राचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, बनायचा. कॅमेऱ्याने चित्राची निगेटिव्ह काढायची, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची आणि ॲसिडने कोरायची. त्या फिल्मला काळं आणि पांढरं एवढंच कळे. त्यामुळे चित्रकार चुकलेल्या रेघेवर बिनधास्त पांढरा पोस्टर फिरवत, फिकट निळ्या पेन्सिलीने आखणी करत (तो निळा कॅमेऱ्याला दिसतच नसे), समासात ‘इतके इंच करा’ असं ब्लॉकवाल्याला लिहीत. चित्रही छापायच्या मापापेक्षा मोठं काढायचं, लहान होताना रेघ घट्ट होते. या खुणा म्हणजे चित्र कामाला लागल्याचा पुरावा. अशी मूळ चित्रं आज कुठे पाहायला मिळाली, तर लोक नाक काचेला लावून आधी समासच वाचतात.

तेव्हा माउंटची खिडकी चित्राच्या कडेवर न कापता कागदाच्या कडेवर काप, समास उघडा राहू दे. आणि शेजारी तेच चित्र छापील आकारात, मजकुरासकट लाव. अंक छापलेला नसेल तर स्वतः पान जुळवून प्रिंट काढ. मोठं मूळ आणि लहान पान जवळजवळ दिसली की तू कुठली रेघ का जाड ठेवलीस ते कुणी न सांगता कळतं.

एक मात्र कर. चित्र माउंटला चारी बाजूंनी चिकटवू नको. दमट हवेत कागद फुगतो आणि जागा नसली की त्याला पोक येतो. पातळ जपानी कागदाच्या, तो नसेल तर साध्या टिश्यूच्या, दोन पट्ट्या घे आणि गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला बिजागरीसारख्या लाव. बाकी चित्र मोकळं. सेलोटेप दोन-चार वर्षांत पिवळी पडते, तिचा डाग कागदाच्या आरपार येतो आणि निघत नाही.

प्रश्न : मी सगळं काम टॅबवर करते. प्रदर्शनात ते प्रिंट करून लावलं की रंग मेल्यासारखे दिसतात. स्क्रीनच ठेवू का? — पुणे

स्क्रीन सबंध प्रदर्शनात एखादाच ठेवावा, तोही चित्र टप्प्याटप्प्याने कसं घडलं ते दाखवायला. भिंतीवर चार स्क्रीन उजळले की शेजारच्या जलरंगांकडे कुणी बघत नाही. तुझ्या वर्गमित्रांवर तो अन्याय होईल.

रंग मरतात त्याचं कारण साधं आहे. स्क्रीन उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. झगमगीत पोपटी, निऑन गुलाबी, खोल निळा हे रंग चार शायांच्या छपाईत त्या तेजाने उतरूच शकत नाहीत. म्हणून सगळी चित्रं एकदम छापायला टाकू नको. प्रत्येकातला अवघड रंगाचा तुकडा कापून एकाच ए-फोरवर सगळे तुकडे जुळव आणि ज्या मशीनवर, ज्या कागदावर शेवटचं काम होणार आहे तिथेच तो छापून घे. तो कागद हॉलच्या उजेडात नेऊन बघ, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. मग फाइलमधले रंग दुरुस्त कर. ए-थ्रीसाठी ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. तुझी फाइल लांबी-रुंदी दोन्हींत त्याच्या निम्मी असेल तर चित्र ए-फाइव्ह आकारात लाव, लहान आणि नेटकं. ताणून मोठं करू नको. कागद मॅट. फ्लेक्स तर अजिबात नको, तो चौकातच बरा.

प्रश्न : चित्राशेजारच्या नावाच्या पट्टीवर काय काय लिहायचं? आमच्याकडे विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य असं सगळं लिहितात. — लातूर

मग चित्र कुठे लावता?

नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आणि ते कशासाठी काढलं ते. त्याखाली मजकुरातली ती एक ओळ, जिच्यावर चित्र उभं आहे. बस्स. मार्गदर्शक, प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्यासाठी दाराशी एक फलक पुरतो. अक्षर १८ पॉइंटाच्या खाली नको. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, अक्षराचं पोट लहान राहतं. इंग्रजीला जो आकार पुरतो तो आपल्याला पुरत नाही. पट्टी उजवीकडे, चित्राच्या खालच्या कडेच्या रेषेत. आणि छापण्याआधी मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. ‘स्मृति’ की ‘स्मृती’ हे उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी दाखवायला नको.

कवितांवर चित्रं असतील तर हक्काचं भान ठेवा. आपल्या कायद्यात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, ती निधनानंतरच्या नव्या वर्षापासून मोजतात. बालकवी १९१८ साली गेले, त्यांची अख्खी कविता खुशाल भिंतीवर लावा. हयात कवीच्या दोन ओळी नावासकट घेतल्यात तर सहसा कुणी हरकत घेत नाही, पण पूर्ण कविता लावायची किंवा चित्राची पोस्टकार्डं करून विकायची तर कवीला किंवा प्रकाशकाला आधी पत्र लिहा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, काही जण उद्घाटनालाही येतात.

प्रश्न : हॉलला पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या आहेत. चित्रं पाच दिवस राहणार. रंग उडतील का? — जळगाव

जलरंग पाच दिवसांत सहसा दगा देत नाहीत. स्केचपेन आणि मार्कर मात्र थेट उन्हात तेवढ्यातही फिके पडू शकतात, विशेषतः गुलाबी आणि जांभळे. काचांना आतून बटर पेपर लावा, उजेड मऊ होतो आणि काचेच्या फ्रेमांवर खिडकीचं प्रतिबिंबही येत नाही. मार्करची कामं खिडक्यांच्याच भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मध्ये घ्या, तिथे ऊन पडत नाही. सवड झाली तर सातारा जिल्ह्यात औंधच्या डोंगरावरचं संग्रहालय बघून या, १९३८ सालचं, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं. तिथे चित्रांवर नैसर्गिक उजेड कसा पडू दिलाय तेवढंच बघत फिरा.

प्रश्न : माझं चित्र मुद्दाम शेवटच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी लावलं. तक्रार करू का? — नाव नको

कर, पण पिंपाची. पाणी उडून कागद खराब होतो, हे कारण कुणालाही पटेल आणि पिंप हलेल. कोपऱ्याचं म्हणशील, तर पाणी प्यायला थांबलेला माणूस अख्खा पेला संपेपर्यंत समोर बघत असतो.

प्रश्न : प्रदर्शन रविवारी रात्री आठला संपतं आणि नऊला हॉल रिकामा करून द्यायचा आहे. गेल्या वर्षी उतरवताना चार काचा फुटल्या, दोन चित्रं अदलाबदल झाली. — कोल्हापूर

तासाभरात होतं, पण लावणारी आणि उतरवणारी मुलं तीच हवीत. साडेसातलाच पाच जणांची कामं वाटून द्या. दोघं उतरवणार, एक जण पट्टी काढून त्याच फ्रेमच्या पाठीला चिकटवणार, एक जण बांधणार आणि एक जण वहीत सही घेऊनच चित्र हातात देणार, मग समोर प्राचार्यांचा मुलगा असो. उद्घाटनाच्या फोटोत दिसायला सगळे असतात, या कामाला नावं आधीच लिहून घेतलेली बरी.

काचेच्या फ्रेमा काचेला काच, पाठीला पाठ अशा जोडीने बांधा, मध्ये पुठ्ठा. टेंपोत त्या उभ्या ठेवायच्या, पुस्तकं कपाटात ठेवतो तशा. आडव्या रचल्या की सगळ्यात खालचीवर साऱ्यांचं ओझं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला आवाज. विकल्या गेलेल्या, लाल टिकली लावलेल्या चित्रांचा गठ्ठा वेगळा आणि तो शिक्षकांच्या ताब्यात.

शेवटी एका मुलाला ओल्या पुट्टीचा डबा आणि पत्रा देऊन भिंतीवरून फिरवा. खिळ्याची भोकं बुजवून वर बोट फिरवलं की झालं. व्यवस्थापकाला भिंत दाखवा आणि डिपॉझिट त्याच रात्री मागा. सोमवारी मागायला गेलात तर तो रजेवर असतो.